होडीची मिशी

सकाळी धक्क्यावर गेलो तर आमच्या होडीची मिशी काळी होती. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी होडी आपल्या जागेवर बांधलीय. मग बाजूवरचं नाव वाचलं, लोरेन्सा. आईचं नाव, वडिलांनी दिलेलं. निळे पट्टे आपलेच, लाल पट्टा आपला, तोंडाशी दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे आपलेच, ताज्या रंगाने टवटवीत झालेले. फक्त डोळ्यांच्या वर, जिथे होडीचं नाक असतं म्हणा ना, तिथला मिशीसारखा पट्टा, जो वडील गेले ते वर्ष सोडलं तर माझ्या जन्माआधीपासून पिवळा होता, तो काळा कुळकुळीत. आमच्याकडे घरात कुणी गेलं की होडीची मिशी काळी करतात आणि वर्षभर तशीच ठेवतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्या बिर्गू गावच्या धक्क्यावर ज्याला चालता येतं त्याला मिशी वाचता येते. माझ्या हातात रिकोटा चीज भरलेली गरम, खुसखुशीत पास्तीत्सी होती. ती मी उभ्या उभ्या खाल्ली, बोटांना लागलेलं तेल पँटला पुसलं, आणि मग मान वर करून आमच्या घराकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या गॅलरीची खिडकी अजून बंद होती. आई उठलेली नव्हती. म्हणजे तिने पाहिलं नव्हतं.

कार्मनू रंगारी पलीकडच्या दगडावर बसून ब्रश धूत होता. दर वर्षी ईस्टरनंतर होडी त्याच्या आवारात ओढून नेतो, तो खरवडतो, रंगवतो, पाण्यात सोडतो, आणि पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. मला पाहून तो उठला, डोक्यावरची टोपी काढली, आणि माझा दंड धरला. "विस्टिन, तू सांगितलं नाहीस म्हणून राग नाही हां माझा," तो म्हणाला. "माणूस अशा वेळी कुठे सांगत फिरणार? माझी मेव्हणी असते ना मेलबर्नला, तिच्याच चर्चमध्ये झालं सगळं. काल रात्री फोन आला तिचा. म्हणाली, नार्दूला पोचवायला फार लोक आले होते. म्हटलं, होडी आपल्याकडेच आहे, विस्टिनला सुचलं नसेल, आपणच करू. दोन हात दिलेत. वर्षभर हलायचा नाही." मी म्हटलं, बरं केलंस. दुसरं काय म्हणणार? त्याने चांगलंच केलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्या लोकांत कुणाच्या डोक्यात येणारच नाही, की भाऊ गेल्याचं एखादा माणूस स्वतःच्या आईला सांगत नसेल. कार्मनू म्हणाला, "आई कशी आहे?" मी म्हटलं, "आहे."

फोन ईस्टरच्या आधी आला होता, उपासाच्या दिवसांत. नार्दूची मुलगी डोरीन. तिला आपली भाषा मोडकीतोडकीच येते, त्यामुळे तिने ते वाक्य फार सरळ सांगितलं. बाबा सकाळी गॅरेजमध्ये पडले, उठले नाहीत. मी विचारलं, "गॅरेजमध्ये काय करत होता?" ती म्हणाली, "गवत कापायचं यंत्र दुरुस्त करत होते." मी म्हटलं, "झालं का दुरुस्त?" हे मी खरंच विचारलं. ती रडायला लागली, आणि मी फोन कानाला धरून तिचं रडणं ऐकत राहिलो, शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असतो तसं. स्वयंपाकघरात भाजीचं सार उतू चाललं होतं. मी फोन ठेवला, गॅस बारीक केला, ओटा पुसला. आई आतून म्हणाली, "कोण रे?" मी म्हटलं, "चुकीचा नंबर." मग आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. मी दोनदा सार वाढून घेतलं. भूक लागली होती.

आईचं काळीज नाजूक आहे, धक्का बसेल, डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले, ही कारणं मी स्वतःला सांगून पाहिली. त्यातलं एकही खरं नाही. आईचं काळीज माझ्यापेक्षा धड आहे. तिचे गुडघे गेलेत, म्हणून दोन वर्षं ती जिना उतरलेली नाही, एवढंच. खरं कारण वेगळं आहे आणि ते मला त्याच दिवशी, सार खाताना, स्वच्छ कळलं होतं. तिला सांगितलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघेल. बाई आहे ती, आई आहे, मुलगा गेल्याचं ऐकून ती आधी उरलेल्या मुलाचं तोंड बघणार. आणि तिथे काही नसेल. कोरडं. मी त्या दिवसापासून आत चाचपून पाहत होतो, जीभ जशी पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. ते तिला दिसू नये, एवढंच मला हवं होतं. तोवर थांबू, मला काहीतरी होऊ दे, मग सांगू. असे आठवडे गेले.

आणि दर रविवारी ती विचारायची, नार्दूचा फोन आला का? तिला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं नेहमी माझ्यामार्फतच. मी म्हणायचो, आला होता, तू झोपली होतीस. काय म्हणत होता? म्हणत होता, तिकडे थंडी सुरू झालीय. पुढच्या रविवारी, नवा फ्रिज घेतलाय. त्याच्या पुढच्या रविवारी, आईच्या गुडघ्यांना काय लावता, विचारत होता. बोलता बोलता माझं मलाच कळेना, हे कुठून येतंय. जिवंत होता तेव्हा नार्दू वर्षातून दोनदा फोन करायचा, नाताळला आणि सेंट लॉरेन्सच्या सणाला, आणि दोन्ही वेळा आधी हवामान विचारायचा. मेल्यापासून मात्र फार प्रेमळ झाला होता.

कार्मनू गेल्यावर मी होडी सोडली आणि उलटी बांधली. चाळीस वर्षं आमची होडी तोंड धक्क्याकडे, म्हणजे घराकडे करून बांधलेली असते. तोंड आईकडे, पाठ बंदराकडे. आमच्या या लुत्सू जातीच्या होड्या दोन्ही टोकांना सारख्याच निमुळत्या असतात, नवख्याला पुढचं मागचं कळतही नाही. म्हटलं, आईची नजर आता तशी अधूच आहे. पाठ तिच्याकडे केली, मिशी बंदराकडे गेली. संध्याकाळपर्यंत एवढं पुरेल. शेजारणी मिशी बघतील, मग जिना चढतील, दुखवट्याला. ते आज होईल किंवा उद्या होईल. त्याआधी मला सांगायला हवं होतं. त्याआधी मला काहीतरी व्हायला हवं होतं. तेवढ्यात हॉटेलवाल्याने पाठवलेली पाहुणी आली.

बोझेना नाव. ब्रनो गावची, दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली. तिच्या गावाला समुद्र नाही आणि तिला आयुष्यात एकदा शिडाची होडी स्वतः चालवायची होती, हे तिने पाय होडीत ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. मोठी टोपी, नाकावर पांढरं मलम, पिशवीत संत्री. "कॅप्टन," ती म्हणाली, "मी पुढे बसणार. तोंडापाशी. डोळ्यांच्या वर." म्हटलं, "बसा बाई." इंजिन सुरू केलं. बंदराबाहेर जायचं तर सरळ पुढे निघायला हवं होतं, आणि तसाच निघालोही, पण पुढे कोपऱ्यावर वाट पुन्हा घराच्या बाजूला वळते, तिथे होडी फिरवली की तोंड घराकडे येतं आणि गॅलरीतून स्पष्ट दिसतं. गॅलरीची खिडकी उघडलेली होती. आईचा पांढरा हात चौकटीवर होता, उन्हात. म्हणून कोपऱ्यावर मी होडी फिरवलीच नाही. इंजिन उलटं टाकलं आणि मागे मागे, पाठ पुढे करून, अख्खी खाडी ओलांडली. शेजारच्या होडीवरचा सिल्वू दोर गुंडाळत होता. तो ओरडला, "काय विस्टिन, घरी काही विसरलास की बायको सोडत नाही?" त्याला माहीत आहे मी लग्न केलेलं नाही. मग त्याची नजर तोंडाकडे गेली, मिशीवर गेली, आणि त्याने हातातला दोर खाली ठेवला. टोपी काढून छातीशी धरली. मी मान हलवली. बोझेनाबाईंना वाटलं, तो त्यांना नमस्कार करतोय. त्यांनी हात हलवला. "तुमच्याकडे होड्या उलट्या चालवतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कोपऱ्यावर, हो."

बंधाऱ्याबाहेर वारा बरा होता. इंजिन बंद केलं, शीड चढवलं, बाईंना मागे बोलावून सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात दिला आणि वर माझा हात ठेवला. इंजिन थांबल्यावर जी शांतता होते ती पाहुण्यांना फार आवडते. त्या वेळी ते काहीतरी बोलतात, बहुतेक वेळा देवाबद्दल. बाई मात्र दात आवळून सुकाणू धरून बसल्या होत्या. मला तीच शांतता नको होती. इथेच, बंधाऱ्याच्या या टोकापाशी, वडिलांनी ही होडी थांबवली होती, नार्दूचं जहाज गेलं त्या दिवशी. मी तेव्हा पंधरा-सोळाचा. त्या वेळी दर दोन महिन्यांनी असं जहाज भरून माणसं ऑस्ट्रेलियाला जायची आणि त्यांच्या घरच्या होड्या बंधाऱ्यापर्यंत जहाजामागोमाग जायच्या. कठड्यावर इतकी माणसं होती की आई दुसऱ्याच कुणाला तरी नार्दू समजून हात हलवत होती. मला नार्दू दिसला होता. तो डावीकडे उभा होता, संत्रं सोलत होता. आमच्याकडे बघतही नव्हता. मी आईला सांगितलं नाही. परत येताना आई वडिलांना म्हणाली, मिशी काळी करा, हे मेल्यासारखंच आहे. वडील म्हणाले, जिवंत माणसाचं काळं करत नसतात, लोरेन्सा, तोंड धू. घरी येऊन तिने तोंड धुतलं आणि मासे तळले. मी त्या दिवशी रडलो होतो की नाही, हे आठवायचा मी प्रयत्न करत होतो. रडलो असेन. त्या वयात रडायला लागत नाही काही. की तेव्हाच जे काय रडायचं ते रडून झालं, आणि आता मागून आलेल्या बातमीला देण्यासारखं काही शिल्लक नाही? असंही असेल. पन्नास वर्षं आधी रडून ठेवलेलं चालत असेल का?

"कॅप्टन," बाई म्हणाल्या. "बाकीच्या होड्यांना इथे पिवळं आहे, तांबडं आहे. तुमचंच काळं का?" हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार असतं, सेंट लॉरेन्सच्या चर्चच्या माहितीसारखं. तेच बाहेर पडलं. "घरात कुणी गेलं की काळं करतात." बाईंनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "माझा भाऊ." पहिल्यांदाच हे मोठ्याने बोललो होतो. म्हटलं, आता होईल. आता काहीतरी फुटेल. शीड फडफडलं, पाणी होडीच्या बाजूला चपचप करत होतं. मी वाट पाहिली. "अरेरे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण सुकाणू त्यांच्या हातून सुटलं आणि होडी गर्रकन वळली. "मी डावीकडे ढकललं तर ही उजवीकडे का जाते?" त्या घाबरून म्हणाल्या. मी दांडा धरला, होडी सावरली, आणि त्यांना समजावून सांगितलं, सुकाणूचं सगळं उलटं असतं. त्यांनी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही त्यांची संत्री खाल्ली. गोड होती. मी म्हटलंही, गोड आहेत.

परतताना कोपऱ्यावर पुन्हा होडी उलटी केली आणि मागे मागे धक्क्याकडे आलो. बाईंना आता त्याची सवय झाली होती. मी मान वळवून मागे बघत होतो, धक्क्याकडे, त्यामुळे गॅलरी मला समोरच दिसत होती. खिडकी उघडी होती. हात नव्हता. आई गॅलरीतून दुपारी उठत नाही, रोझरीची प्रार्थनासुद्धा ती तिथेच म्हणते, रेडिओबरोबर. म्हटलं, आत गेली असेल. म्हटलं, कुणी शेजारीण आली असेल, संपलं. मग नजर खाली आली. धक्क्याच्या काठावर, जिथे आमचा दोर बांधायचा खांब आहे, तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची होती आणि खुर्चीत आई. काळी शाल. मागे कार्मनू उभा, हातात टोपी, कपाळाला घाम. तीन मजले त्याने आणि आणखी कुणीतरी तिला खुर्चीसकट उतरवलं होतं.

बोझेनाबाई उतरल्या, त्यांनी आईला वाकून काहीतरी त्यांच्या भाषेत म्हटलं आणि गेल्या. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती होडीकडे बघत होती, होडीच्या पाठीकडे. मी दोर बांधायला लागलो. हात नीट चालत होते.

"बांधू नकोस," आई म्हणाली. "मला आत घे."

"आई, कशाला? हलते फार. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्यापाशी आहेत. कार्मनू, उचल."

आम्ही दोघांनी तिला उचलून आत ठेवलं. तिला पुढे बसायचं होतं. ती फळीचा आधार घेत घेत पुढे सरकली, तोंडापाशी पोचली, आणि हात बाहेर काढून मिशीवर ठेवला. रंग वाळला होता. तिने बोटांकडे पाहिलं. तशीच बसली, बंदराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. कार्मनूला खिडकीतून हाक मारली, म्हटलं मला खाली ने. वर आला तो टोपी काढूनच. तोंड उघडायला लागला तर म्हटलं, गप्प बस, मी विस्टिनकडून ऐकेन." ती फळीवर नीट सरकून बसली. "चाळीस वर्षं होडी माझ्याकडे तोंड करून बांधतोस. आज दिवसभर मला तिचं ढुंगण दाखवलंस. अख्खी खाडी मागे मागे गेलास, सगळं बंदर हसलं असेल. का? मिशी दिसू नये म्हणून. आता मोज. घरात माणसं तीन. एक मी, मी तर खिडकीत बसलेले. एक तू, तू उलटा चाललेला."

मी म्हटलं, "गॅरेजमध्ये पडला. सकाळी. त्रास झाला नाही, असं डोरीन म्हणाली." डोरीन असं म्हणाली नव्हती.

"कधी?"

"ईस्टरच्या आधी."

आईने मान हलवली. मला वाटलं, ती आता वळेल. वळून माझ्याकडे बघेल. इतके आठवडे ज्याला मी भीत होतो ते आता होणार, आणि मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. चेहरा काहीतरी करायला हवा म्हणून मी ओठ आवळले. ती वळली नाही.

"चल," ती म्हणाली. "सरळ चालव. तोंड पुढे करून. हळू. तिकडे पुरलं त्याला, आपण काही बघितलं नाही. इथे लोकांना बघू दे."

मी इंजिन सुरू केलं. कोपऱ्यावर होडी फिरवली, आडवी केली, सरळ केली. सिल्वूने इंजिन बंद केलं आणि उभा राहिला. मच्छीवाले उभे राहिले. कुणी क्रूस केला. समोरच्या किनाऱ्यावरच्या कॅफेतले पाहुणे जेवत होते, त्यांना काही माहीत नव्हतं, त्यातल्या एकाने आमचा फोटो काढला. आई ताठ बसली होती, एक हात मिशीवर ठेवून, कुणी टोपी काढली की मान किंचित खाली करत. तिच्या पाठीकडे बघत मी सुकाणू धरून होतो. तिचे खांदे हलत नव्हते.

बंधारा जवळ आल्यावर ती म्हणाली, "विस्टिन."

"हं."

"तू रडलास का रे?"

खोटं बोलायला सोपं होतं. रविवारचं सगळं खोटं बोलून झालं होतं. मी म्हटलं, "नाही. काहीच होत नाही मला, आई. जेवतो, झोपतो. काही वाटतच नाही."

वाऱ्याने शाल सरकली, ती तिने नीट केली. माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि ते तिने मुद्दाम केलं हे मला तेव्हा कळलं.

"बरं," ती म्हणाली. "तुला रडू येईल तेव्हा मला सांग. तोवर मीही थांबते."